खतना झालेल्या स्त्रीचे बाळंतपण: वाट अडते कुठे, उघडायची कधी आणि कशी

प्रश्न असा आहे: लहानपणी खतना, म्हणजे बाह्य जननेंद्रियाचा छेद झालेल्या स्त्रीला बाळंतपणात नेमका काय त्रास होतो? अशा प्रत्येकीचे सिझेरियनच करावे लागते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी घेऊ. नाही. खतना झालेला असणे एवढ्यावरून सिझेरियन ठरत नाही. या बायकांची वाट कटीच्या हाडांत अडलेली नसते. ती अडते अगदी शेवटच्या काही सेंटिमीटरच्या मऊ भागात, योनिमुखावरच्या व्रणापाशी, आणि तो व्रण लहानशा शस्त्रक्रियेने उघडता येतो. बहुतेक हानी होते ती हा व्रण आहे हे वेळेत कोणाच्या लक्षात न आल्यामुळे, किंवा लक्षात येऊनही कात्री चुकीच्या दिशेला चालवल्यामुळे.

छेदाचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि बाळंतपणावरचा परिणाम प्रकारावर ठरतो. जागतिक आरोग्य संघटना चार प्रकार मानते. पहिल्यात शिश्निकेचा (क्लिटोरिसचा) बाहेर दिसणारा भाग किंवा तिच्यावरची त्वचेची घडी कापलेली असते. दुसऱ्यात त्याबरोबर भगोष्ठ, म्हणजे योनिमुखाच्या दोन्ही बाजूंच्या त्वचेच्या घड्या, काढलेले असतात: आतले लहान, कधी बाहेरचे मोठेही. तिसऱ्यात भगोष्ठ कापून दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींना जोडतात. टाके घालून, किंवा काही ठिकाणी मुलीचे पाय कित्येक दिवस बांधून ठेवून. कडा जुळून येतात आणि मूत्रमार्ग व योनिमुख यांच्यावर व्रणाचा एक पडदा तयार होतो. खाली लघवी आणि पाळीचे रक्त जाण्यापुरते भोक उरते. याला इन्फिब्युलेशन म्हणतात. सुदानमध्ये ‘फिरऔनी’ खतना. चौथ्या प्रकारात टोचणे, खरवडणे, डागणे, चिरणे असे बाकीचे सगळे येते. तिसऱ्या प्रकारातला हा व्रणाचा पडदा म्हणजे योनिपटल (कौमार्यपटल) नव्हे, हे विद्यार्थ्यांनी पक्के लक्षात ठेवावे. योनिपटल आत असते. हा पडदा त्याच्या बाहेर, भगोष्ठांच्या जागी असतो.

युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार आज जगात २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया छेद झालेल्या आहेत. त्यांतल्या १४ कोटींवर आफ्रिकेत आणि सुमारे ८ कोटी आशियात. तिसरा प्रकार प्रामुख्याने सोमालिया, जिबूती, सुदान, इरिट्रिया आणि इथिओपियाचा काही भाग इथे आढळतो. दाऊदी बोहरा समाजातला खतना बहुतांशी पहिल्या प्रकारात मोडतो. स्थलांतरामुळे तिसऱ्या प्रकारची स्त्री आता जगातल्या कुठल्याही लेबर रूममध्ये येऊ शकते, आणि नेमकी तिथेच तिची तपासणी करणाऱ्याने हा व्रण आधी कधी पाहिलेला नसतो.

आता परिणाम. यावरचा सर्वांत भक्कम अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेने बुर्किना फासो, घाना, केनिया, नायजेरिया, सेनेगल आणि सुदान या ६ देशांतल्या २८ प्रसूती केंद्रांत केला. नोव्हेंबर २००१ ते मार्च २००३ या काळात एकच बाळ असलेल्या २८,३९३ स्त्रियांच्या प्रसूतींची त्यात नोंद झाली आणि निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. खतना न झालेल्या स्त्रियांशी तुलना करता सिझेरियनचे प्रमाण दुसऱ्या प्रकारात २९ टक्क्यांनी आणि तिसऱ्यात ३१ टक्क्यांनी जास्त होते. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण दुसऱ्यात २१ आणि तिसऱ्यात ६९ टक्क्यांनी जास्त. बाळाला जन्मतः श्वास देण्याची गरज दुसऱ्यात २८ आणि तिसऱ्यात ६६ टक्क्यांनी जास्त. बाळ मृत जन्मणे किंवा पहिल्या काही दिवसांत दगावणे दुसऱ्यात ३२ आणि तिसऱ्यात ५५ टक्क्यांनी जास्त. रुग्णालयातला मुक्काम लांबण्याचे प्रमाण तिसऱ्या प्रकारात जवळजवळ दुप्पट. पहिल्या प्रकारात आकडे किंचित वर होते, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. बाळाच्या वजनात फरक आढळला नाही. एकूण हिशेब असा निघाला की या प्रथेमुळे दर १०० प्रसूतींमागे १ ते २ बाळे जास्त दगावतात.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अभ्यास रुग्णालयांतला आहे. घरी, मदतीविना बाळंत होणाऱ्या स्त्रिया त्यात नाहीत, त्यामुळे वस्तुस्थिती यापेक्षा वाईट असण्याचीच शक्यता जास्त. उलट, जिथे सुईणी प्रशिक्षित आहेत आणि व्रण वेळेत उघडला जातो, तिथे हा फरक बराच कमी होतो. सारखाच व्रण असलेल्या दोघींपैकी एक सुखरूप बाळंत होते आणि दुसरी होत नाही, ते या फरकामुळे.

अडते कशामुळे

योनिमुखाची नेहमीची त्वचा आणि भगोष्ठ घड्यांचे असतात. बाळाचे डोके येते तेव्हा घड्या उलगडतात, ऊती ताणते आणि वाट मोठी होते. व्रणाची ऊती तंतुमय असते. तिला घड्या नसतात आणि ती ताणली जात नाही. गर्भाशयाचे आकुंचन, पिशवीचे तोंड उघडणे, डोके कटीत उतरणे या सगळ्या गोष्टी नेहमीसारख्याच होतात. म्हणून पहिली अवस्था सहसा लांबत नाही. लांबते ती दुसरी, जोर करण्याची अवस्था. डोके व्रणामागे येऊन थांबते. प्रत्येक कळेला पडदा फुगतो, पांढुरका होतो, कळ ओसरली की डोके मागे सरकते. बाळाला प्राणवायू कमी पडू लागतो. कोणी वेळीच उघडले नाही तर एक तर व्रण स्वतःच फाटतो, नाहीतर त्याच्या शेजारची निरोगी ऊती फाटते, कारण ती व्रणापेक्षा मऊ असते. चीर पुढे गेली तर मूत्रमार्गापर्यंत, मागे गेली तर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत पोचणाऱ्या, फाटण्यामागचे कारण हेच.

दुसऱ्या प्रकारात वाट बंद नसते, पण कडा ताठ असतात. शिवाय कापलेल्या कडा भरताना आपसूक एकमेकींना चिकटल्या तर दुसऱ्या प्रकाराचे, क्वचित पहिल्याचेही, रूप तिसऱ्यासारखे दिसते. म्हणून कागदावर लिहिलेल्या प्रकारापेक्षा डोळ्यांनी पाहिलेली स्थिती महत्त्वाची.

फिस्चुलाबद्दल फार ढोबळ विधाने केली जातात. प्रसूतीजन्य फिस्चुला, म्हणजे मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये पडलेले, लघवी सतत गळत राहणारे भोक, मुख्यतः तेव्हा होते, जेव्हा डोके हाडाच्या वाटेत तासन् तास अडकते आणि त्याच्या दाबाने मूत्राशयाची भिंत मरते. व्रणामुळे अडलेले डोके त्यापेक्षा खाली असते. त्यामुळे खतना हे फिस्चुलाचे थेट कारण आहे असे सरसकट म्हणता येत नाही. जिथे खतना आहे तिथेच बहुधा लहान वयातली लग्ने आणि दूरची रुग्णालयेही असतात, आणि कारणे एकमेकांत मिसळतात. अपवाद चौथ्या प्रकारातल्या ‘गिशिरी’चा. उत्तर नायजेरियात काही ठिकाणी अडलेली बाळंतीण सोडवण्यासाठी योनीच्या पुढच्या भिंतीला आतून चीर देतात. ती मूत्राशयात शिरली की फिस्चुला थेट त्या पात्याने होते.

कळा सुरू झाल्यावर लेबर रूममध्ये काय अडते

पहिली अडचण आतून तपासणीची. भोक एका बोटापुरतेही नसेल तर पिशवीचे तोंड किती उघडले ते कळत नाही, आणि पार्टोग्राफवरचा, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या तक्त्यावरचा, तो रकाना रिकामा राहतो. मग कोणीतरी घाईने ‘प्रगती नाही’ असे लिहिते आणि बाई सिझेरियनला जाते. पाणमोट फोडता येत नाही, बाळाचे ठोके मोजायला डोक्याला इलेक्ट्रोड लावता येत नाही, आत पाहायचे स्पेक्युलम जात नाही. कळा सुरू करायच्या असतील तर योनीत गोळी किंवा पिशवीचे तोंड उघडणारा फोली कॅथेटरचा फुगा ठेवणे जमत नाही. आधीचे सिझेरियन नसेल तर तोंडावाटे मिसोप्रोस्टॉल हे कळा आणणारे औषध २५ मायक्रोग्रॅम दर दोन तासांनी हा पर्याय उरतो. बोट जबरदस्तीने घालू नये. त्याने माहिती मिळत नाही, फक्त जखम होते. पोटावरून डोके पाच भागांपैकी किती भाग कटीच्या वर आहे ते दर तपासणीत नोंदवावे, सोनोग्राफी असेल तर वापरावी, आणि प्रगतीबद्दल खरोखर शंका असेल तर पहिल्या अवस्थेतच व्रण उघडावा. तो नाहीतरी उघडायचाच असतो.

दुसरी अडचण लघवीची. मूत्रमार्गाचे तोंड पडद्यामागे असते, कॅथेटर आंधळेपणाने घालावा लागतो आणि बऱ्याचदा तो योनीत जातो. भरलेले मूत्राशय डोके उतरू देत नाही आणि प्रसूतीनंतर गर्भाशय आवळू देत नाही.

तिसरी अडचण फारशी बोलली जात नाही. पाय फाकवून धरणे, तिथे हात लावणे, चारजण वाकून बघणे या सगळ्याने लहानपणीचा प्रसंग जसाच्या तसा परत उभा राहतो. काहीजणी तपासणीला ठाम नकार देतात, काहीजणी अचानक गोठल्यासारख्या होतात. ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा तेव्हा केसपेपरवर पडतो. पाय स्टिरपमध्ये बांधू नयेत, कुशीवर तपासता येत असेल तर तसे तपासावे. ‘नवीन आहे, बघून घ्या’ म्हणून विद्यार्थ्यांना बोलावू नये. भूल लवकर द्यावी. एपिड्युरलचा, म्हणजे पाठीतून दिलेल्या भुलीचा, इथे दुहेरी उपयोग आहे, कारण त्याच भुलेवर व्रणही उघडता येतो.

गरोदरपणातच पाहणे

हे सगळे टाळायची जागा म्हणजे पहिली नावनोंदणी. ज्या देशांत प्रथा आहे तिथून आलेल्या प्रत्येकीला, तिच्या भाषेतला शब्द वापरून, सरळ विचारावे. ‘तुमची सुंता झाली आहे का? शिवले होते का? लघवीला किती वेळ लागतो?’ तिसऱ्या प्रकारात लघवी थेंबथेंब होते, दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि पाळी लांबते व दुखते. नवरा, सासू किंवा शेजारीण यांना दुभाषी करू नये. आपल्यावर काय झाले हे बऱ्याच स्त्रियांना नेमके ठाऊक नसते, कारण तेव्हा त्या फार लहान होत्या. म्हणून सांगितलेल्यावर न थांबता, परवानगी घेऊन, एकदा बाहेरून पाहावे. मूत्रमार्गाचे तोंड सहज दिसत असेल आणि आतून तपासणी करता येत असेल, तर बहुधा काही उघडण्याची गरज नसते. मूत्रमार्ग दिसत नसेल, तर उघडावे लागणार.

याच भेटीत आणखी थोड्या गोष्टी उरकतात. लघवी पडद्यामागे साठून राहते, त्यामुळे संसर्ग वारंवार होतो आणि तो मूत्रपिंडांपर्यंत चढला तर दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. तक्रार नसली तरी लघवीचा कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करावा. नेहमीच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस तपासण्यांबरोबर हिपॅटायटिस सी तपासण्याची सूचना ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ च्या मार्गदर्शिकेत केली आहे, कारण एकाच पात्याने अनेकींना कापलेले असते. व्रणात गाठ असेल तर ती बहुधा त्वचेखाली अडकलेल्या पेशींची गळू असते. आकार लिहून ठेवावा, कारण डोके येताना ती मध्ये येऊ शकते. आणि खाण्याची चौकशी अवश्य करावी. बाळ लहान राहिले तर सुटका सोपी होईल आणि पोट चिरावे लागणार नाही, या समजुतीने काही सोमाली स्त्रिया शेवटच्या महिन्यांत मुद्दाम कमी खातात. सल्ला देणाऱ्याने हे विचारले नाही तर हिमोग्लोबिन का वाढत नाही याचे कोडे सुटत नाही.

गर्भपात झाल्यास हाच पडदा वेगळ्या तऱ्हेने घातक ठरतो. गर्भाचे अवशेष आणि गाठी त्याच्यामागे अडकतात, रक्त बाहेर कमी दिसते, आत साठते आणि सडते. अशा वेळी पिशवी साफ करण्याआधी व्रण उघडावाच लागतो.

उघडायचे कधी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिसऱ्या प्रकारात व्रण उघडणे, म्हणजे डीइन्फिब्युलेशन, प्रसूतीतल्या गुंतागुंती टाळण्यासाठी आवश्यक आहे. ते गरोदरपणात करायचे की कळांच्या वेळी, हे मात्र बाईची इच्छा, रुग्णालय किती दूर आहे आणि हजर असणाऱ्याचे कौशल्य यांवर सोपवले आहे.

कल कुठे असावा? गरोदरपणात, २० व्या आठवड्याच्या आसपास, सावकाश, उजेडात केलेले काम चांगले. जखम भरायला लागणारे चार ते सहा आठवडे सहज मिळतात, पुढे आतून तपासणी आणि कॅथेटर सोपे होतात आणि कळा अचानक सुरू झाल्या तरी वाट मोकळी असते. पहिल्या तिमाहीत टाळतात, कारण त्या काळात आपसूक गर्भपात झाला तर दोष शस्त्रक्रियेवर येतो. जिथे रात्री-अपरात्री प्रशिक्षित माणूस नसतो, तिथे कळांपर्यंत थांबणे म्हणजे जुगार. तरीही पुष्कळजणी प्रसूतीच्या वेळीच उघडा म्हणतात, कारण त्यांच्या गावी तशीच रीत असते आणि दोनदा कापून घ्यायचे नसते. त्यांचा निर्णय मानावा, पण तो केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहावा. नाहीतर रात्रपाळीच्या डॉक्टरला तो बाळाचे डोके पडद्यामागे आल्यावर कळतो.

शस्त्रक्रियेआधी एक बोलणे चुकवू नये. उघडल्यावर लघवीची धार जोरात, आवाज करत आणि पसरून येईल; पाळी वेगाने जाईल; तिथे हवा लागल्यासारखे, ओलसर वाटेल. ज्या स्त्रीला समजायला लागल्यापासून थेंबथेंब लघवीच माहीत आहे, तिला हे आधी सांगितले नाही तर काहीतरी बिघडवले असेच वाटते. मग ती परत शिवून मागते.

उघडायचे कसे

बाई पाठीवर, गुडघे वाकवून. जागा स्वच्छ करून आधी भोकातून बोट, आणि बोट जात नसेल तर बारीक डायलेटर किंवा बंद आर्टरी फोर्सेप्स, पडद्याच्या मागे वरच्या दिशेने सरकवावा. पडदा किती लांब आणि मागे काय चिकटले आहे याचा अंदाज इथेच येतो. मग व्रणाच्या मध्यरेषेवर आणि दोन्ही बाजूंना १ टक्का लिग्नोकेन हे भुलीचे औषध टोचावे, ॲड्रेनलिनशिवाय. १ टक्का म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. किलोमागे ३ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली तर ६० किलोच्या बाईला १८ मिलिलिटरपेक्षा जास्त नको, आणि लागतेही त्याहून पुष्कळ कमी. पुढे एपिसिओटॉमीला, म्हणजे वाट मोठी करण्यासाठी योनिमुखाच्या खालच्या बाजूला दिलेल्या चिरेला, औषध लागू शकते, म्हणून काही शिल्लक ठेवावे. सुई टोचल्यावर, औषध सोडण्याआधी, दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहावे. औषध चढायला दोन-तीन मिनिटे थांबावे. ही मिनिटे वाचवण्याचा मोह घातक, कारण लहानपणी हीच जागा भूल न देता कापलेली असते.

पडदा बोटावर किंवा फोर्सेप्सवर उचलून धरावा आणि कात्रीने मध्यरेषेवर खालून वर, पुढच्या दिशेने कापत जावे. मूत्रमार्गाचे तोंड दिसले की थांबावे. चीर साधारण ५ सेंटिमीटरची होते. त्याच्या वर जाऊ नये: तिथे शिश्निकेचा उरलेला भाग, आणि बऱ्याच स्त्रियांत तर अखंड शिश्निका, व्रणाखाली दडलेली असते. तिची रक्तवाहिनी कापली गेली तर रक्त धारेने येते आणि टाका घालणे अवघड जाते. व्रण स्वतः फारसे रक्त देत नाही. भरपूर रक्त आले तर कात्री बाजूला किंवा फार वर गेली असे समजावे.

आता उजवी कड उजव्या बाजूला आणि डावी कड डाव्या बाजूला, प्रत्येक कड स्वतंत्रपणे ३-० किंवा ४-० जाडीच्या, लवकर विरघळणाऱ्या पॉलिग्लॅक्टिन धाग्याने शिवावी. हे टाके रक्त थांबवण्यासाठी असतात आणि दोन उघड्या कडा परत एकमेकींना चिकटू नयेत यासाठीही. कडा न शिवता सोडल्या तर काही आठवड्यांत त्या जुळून येतात. नंतर दुखण्यावर औषध, दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बसणे आणि आठवड्याने एकदा पाहणे.

कळांच्या वेळी हेच काम दोन क्षणी करता येते. पहिल्या अवस्थेत तपासणीसाठी गरज पडली तर तेव्हा. नाहीतर डोके व्रणाला टेकून पडदा पातळ झाला की कळेच्या शिखरावर, व्रण आणि डोके यांच्यामध्ये दोन बोटे ठेवून, पुढच्या दिशेने. बोटे बाळाच्या डोक्याचे रक्षण करतात. कळा लांबल्या असतील तर भाग सुजलेला असतो, मूत्रमार्ग ओळखू येत नाही आणि धागा ऊतीतून कापत निघतो. गरोदरपणात उघडण्याच्या बाजूने हाही एक मुद्दा.

सर्वांत जास्त होणारी चूक अशी: व्रण तसाच ठेवून खाली मोठी एपिसिओटॉमी द्यायची, तीही कधी दोन्ही बाजूंना. अडथळा पुढे असतो आणि वाट मागे कापली जाते. डोके मग निरोगी पेरिनियम, म्हणजे योनिमुख आणि गुदद्वार यांमधला भाग, फाडत, गुदद्वाराच्या दिशेने बाहेर येते, रक्त जास्त जाते आणि पुढचा व्रण पुढच्या बाळंतपणासाठी शिल्लकच राहतो. आधी पुढे उघडावे. त्यानंतरही पेरिनियम ताठ वाटले तरच, कळ ओसरली तरी डोके मागे न सरकता योनिमुखाशी दिसत असताना, मध्यरेषेपासून ६० अंशांच्या कोनात एका बाजूला एपिसिओटॉमी द्यावी. ती उघडण्याच्या जोडीला असते, बदली नसते.

रक्तस्राव

बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात, गर्भाशय आवळण्यासाठी, ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, नेहमीप्रमाणेच. रक्त थांबत नसेल तर गर्भाशय कडक आहे का ते आधी पाहावे. कडक असूनही रक्त येत असेल तर ते जखमेचे, आणि या स्त्रियांत जखम पुढे असण्याची शक्यता जास्त: मूत्रमार्गाच्या आजूबाजूला, शिश्निकेच्या बुंध्याशी. सवयीने फक्त मागचे पेरिनियम पाहिले तर ती निसटते. चांगल्या उजेडात वरून खालपर्यंत पाहावे, मूत्रमार्गाजवळ टाका घालताना आत कॅथेटर ठेवावा, आणि शेवटी गुदद्वाराच्या स्नायूची बोटाने तपासणी करावी. रक्त थांबवायला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. आणि एक सरळ गोष्ट: दोन हातांत गर्भाशय दाबणे, अडकलेली वार हाताने काढणे, आत फुगा ठेवणे हे सगळे उपाय योनीतून होतात. व्रण बंद असेल तर यांपैकी एकही करता येत नाही.

सिझेरियन झाले तर हा मुद्दा विसरला जातो. बाळ वरून आले, व्रण खाली तसाच. मग अंगावरून जाणारे रक्त आत साठते, पॅड कोरडा दिसतो आणि नाडी मात्र वाढत जाते. म्हणून इतर कारणाने सिझेरियन ठरले असेल तर त्याच भुलेत, पोट शिवून झाल्यावर, व्रण उघडण्याची संमती आधीच घेऊन ठेवावी. प्रसूती कशीही झाली तरी सहा तासांच्या आत लघवी झाली पाहिजे. न झाल्यास कॅथेटर.

परत शिवायचे नाही

प्रसूतीनंतर ‘होते तसे करून द्या’ ही मागणी येते. सुदानमध्ये तर बाळंतपणानंतरच्या या परत शिवण्याला ‘अदल’ हे वेगळे नाव आहे. दोन्ही कडा पुन्हा जोडणे हे खतनाच आहे. पुढच्या खेपेस तीच वाट पुन्हा कापावी लागते, व्रण जाड होतो आणि लघवीचा त्रास परत येतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सुदाननेही २०२० मध्ये खतना गुन्हा ठरवला. डॉक्टरने स्वच्छ हातांनी केले म्हणून ते चालण्याजोगे होत नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि सहयोगी संस्थांनी वैद्यकीय व्यावसायिकांसाठी स्वतंत्र जागतिक धोरण काढले ते नेमके याचसाठी. बाई मागते तेव्हा तिला रागावण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा मागणीमागे नवरा काय म्हणेल ही भीती असते, म्हणून तिची इच्छा असेल तर नवऱ्यालाही चित्र काढून दाखवावे. फाटलेले थर शिवणे वेगळे आणि योनिमुख बंद करणे वेगळे, हे त्याला समजते. जन्मलेली मुलगी असेल तर तिच्याबद्दलचे बोलणे घरी जाण्याआधी करावे, आणि देशाच्या कायद्याने नोंद बंधनकारक असेल तर ती करावी.

डिस्चार्ज कार्डावर ‘नॉर्मल डिलिव्हरी, एपिसिओटॉमी’ एवढेच लिहून सोडू नये. खतन्याचा प्रकार, कधी उघडले, कुठपर्यंत उघडले, मूत्रमार्ग दिसतो का, कडा स्वतंत्र शिवल्या का, आणि पुन्हा जोडलेले नाही, या सहा गोष्टी लिहाव्यात. पुढच्या गरोदरपणात या नोंदीवर विसंबूनही एकदा पाहावेच, कारण मधल्या काळात गावी जाऊन परत शिवून आलेली बाई विचारल्याशिवाय ते सांगत नाही. योनिमुख उघडे असेल तर दुसऱ्यांदा कात्री लागत नाही.